ग्रहण पाळलं, मिश्री नाही

11 ऑगस्ट 1999. संध्याकाळी सूर्यग्रहण होतं आणि मला सहावा महिना. कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या आमच्या मराठी बोलणाऱ्या गावात त्या दिवशी पावसाची अशी झड लागली होती की सूर्य कुणाला दिसलाच नाही. पण ढगाआड झालं तरी ग्रहण ते ग्रहणच. सासूबाईंनी मला मधल्या खोलीत नेऊन झोपवलं. विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, गाठ मारायची नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. खिडकीला गोधडी लावली, आणि जाता जाता माझ्या उशाशी मिश्रीची, म्हणजे भाजून कुटलेल्या तंबाखूची, डबी ठेवून गेल्या. "वेळ जाईल तुझा," म्हणाल्या.

माझा वेळ गेला. ग्रहण सुटेपर्यंत मी मिश्री लावत पडून राहिले.

त्याच वर्षी नवरात्रात, आठवा चालू असताना मला मुलगी झाली. वजन 1 किलो 900 ग्रॅम. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर सासूबाईंचं एकच: "ग्रहणात काहीतरी कापलं असशील, आठवून बघ." आणि मी खरोखर आठवत बसायची. दोन-तीन वर्षं. नख कुरतडलं होतं का? डोक्यातली ऊ मारली होती का? डबीचा विचार त्यांच्या मनात आला नाही, तसा माझ्याही नाही.

आता मुद्द्यावर येते. दिवस गेल्यावर दवाखान्यात नाव नोंदवायला गेले तेव्हा नर्सबाईंनी कानडीत विचारलं होतं, "तंबाकू तिंतीरेनु?" तंबाखू खाता का. मी "इल्ला" म्हटलं. माझ्या हिशोबानं ते खोटं नव्हतं. तंबाखू खायचे आमचे मामंजी. चुन्यात मळून, दोन चापट्या मारून, ओठात धरून. बायका तंबाखू खात नाहीत, बायका मिश्री लावतात. मिश्री म्हणजे दात घासायचं. कागदावर माझ्या नावापुढं "नाही" लिहिलं गेलं आणि विषय संपला. आजही आमच्या भागात कितीतरी जणी अगदी खऱ्या मनानं "नाही" म्हणून येतात. आशाताई, नर्सताई, डॉक्टर कुणीही ही पोस्ट वाचत असाल तर एवढंच मागते: "तंबाखू खाता का" विचारू नका. "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा," असं विचारा. आणि आमच्याकडं मराठीत विचारा. कानडी आम्हाला बाजारापुरतं येतं, पण असल्या प्रश्नाला बाई मान हलवून मोकळी होते. तायी कार्डावरचा, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी कार्डावरचा, कानडी मजकूरही निम्म्या जणींना लागत नाही, कारण शाळा मराठी झालेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिश्री कशी होते. पानतंबाखू तव्यावर टाकायची आणि काळी होईपर्यंत भाजायची. घरात भाजता येत नाही, दारात चूल मांडावी लागते. असा काही ठसका उठतो की गल्लीतली पोरं शिंकत पळतात आणि म्हातारी पदर नाकाला लावून उलथनं फिरवत बसते. मग खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून वस्त्रगाळ करायची, डबीत भरायची. डाव्या हाताच्या तर्जनीनं लावायची. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी गप्पा मारताना, रात्री निजताना. मी बाराव्या वर्षी शिकले. दाढ दुखत होती म्हणून मावशीनं लावून दिली. पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडले, चौथ्या दिवशी स्वतःहून मागितली.

तंबाखूच्या नावानं बोटं मोडायला मला सोपं नाही, हेही सांगते. आमच्या घराच्या भिंती तंबाखूवर उभ्या आहेत. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं निपाणीचे शेतकरी हमरस्त्यावर ठिय्या देऊन बसले, त्यात माझे वडील होते. पिकाला भाव मिळाला तर पोरीचं लग्न, नाही मिळाला तर पुढल्या साली. गावात अजूनही बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, हजार विड्यांमागं मजुरी. पोट पुढं आलेलं, त्यावर सूप टेकवलेलं, आणि सुपातली तंबाखूची धूळ पदरावर, नाकात, जेवणाच्या हातावर. तिला "काम सोड" म्हणणारी मी कोण? पण हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरी मोडू नको, तान्ह्याला सुपाजवळ निजवू नको, एवढं तर म्हणू शकते.

मला हे कळलं लेकीमुळं. तीच, 1 किलो 900 ग्रॅमवाली. नर्सिंगला गेली. एकदा सुट्टीला आली ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आई, मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झालाय. प्रकाश गुप्ता म्हणून आहेत, त्यांनी केलेला, 2004 साली छापून आला. त्यात तंबाखू घेणाऱ्या बायका बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या." त्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेली त्यांच्यात जास्त. पुढं त्याच मंडळींनी मेलेली बाळं जन्मण्याचा हिशोब काढला, तर तो धोका अडीच पटीच्याही वर.

105 ग्रॅम ऐकून मी म्हटलं, एवढंसं? माझं किराणा दुकान आहे, शंभर ग्रॅम म्हणजे पुडीभर शेंगदाणे. लेक म्हणाली, "अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं. आपल्याकडच्या बायकांची बाळं आधीच काठावर असतात. तुझी पुडी तिथं जड जाते." शिवाय सरासरी म्हणजे काही जणींचं थोडंच कमी होतं आणि काही जणींचं बरंच.

कारण तिनं असं सांगितलं. मिश्रीतलं निकोटिन हिरड्यातून रक्तात जातं, गिळायचीही गरज नाही. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात. वारेकडं जाणारं रक्त कमी होतं, आणि बाळाचं खाणंपिणं, श्वास सगळं त्या वारेतूनच. वर निकोटिन वार ओलांडून बाळापर्यंतही पोचतं. म्हणजे त्या ग्रहणाच्या संध्याकाळी मी उपाशी होते, तहानलेली होते, आणि तंबाखू मात्र आम्ही दोघी घेत होतो.

माझी पोरगी मिश्रीमुळंच लवकर झाली असं मी छातीठोक म्हणत नाही. ते कुणालाच सांगता यायचं नाही. रक्तदाब वाढतो, जुळं असतं, लघवीच्या जागी जंतू होतात, बाई स्वतःच सतरा-अठराची असते, आधीचं बाळंतपणही लवकर झालेलं असतं. कारणं पुष्कळ. म्हणून बाईवर खापर फोडायला ही पोस्ट वापरू नका. माझ्यावर एकदा फुटलंय, मला ठाऊक आहे कसं लागतं ते.

मिश्री सुटत का नाही, याचं एक कारण घरातल्या पुरुषांना माहीत नसतं. दिवस गेले की मळमळतं, मिश्री लावली की तोंडाला बरं वाटतं. मग लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतात, त्यानं पोट घट्ट होतं. आणि मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही ही तर आमच्याकडची पक्की समजूत. मग दोनाची चार वेळा होते. नाहीतर बाई गोळ्याच बंद करते, "उष्ण पडतात" म्हणून. माझ्या दुकानाच्या मागच्या उकिरड्यावर मी त्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या बघितल्यात. आणि देशात 2019-21 च्या सरकारी पाहणीत 52.2 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी, म्हणजे हिमोग्लोबिन 11 च्या खाली. गोळी रोज एक, निदान 180 दिवस. चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. पोट घट्ट झालं तर पाणी वाढवा, शेपू, राजगिरा, अंबाडी, जे परसात असेल ते खा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. याज्ञिकांच्या गटानं अभ्यास केला, त्यातही पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अंगानं भरलेली निघाली. महागडं पावडरचं डबडं नाही, पालेभाजी. आणि "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, अडकेल" म्हणून सुनेची दुसरी भाकरी मागं ठेवणाऱ्या सासवांनो, मोठं बाळ अडकायची भीती घालता तेवढी बारक्या बाळाची का घालत नाही?

आमच्या कर्नाटकात अंगणवाडीत 2017 पासून गरोदर बायकांना गरम जेवण मिळतं, मातृपूर्ण म्हणून. भात, आमटी, अंडं, दूध, चिक्की. आमच्या गल्लीतल्या दोघी जात नाहीत. का, तर "घरात खायला नाही का, असं लोक म्हणतील."

आणखी एक खोड. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. फॉलिक ॲसिडची खरी गरज तर दिवस जायच्या आधीपासून आणि पहिल्या तीन महिन्यांत, कारण बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदूची नळी पहिल्या महिन्यातच मिटते. बेळगावच्या जे.एन. मेडिकल कॉलेजनं ज्यात भाग घेतला तो मोठा अभ्यास 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सहा देशांतल्या जवळपास बारा हजार पहिलटकरणी, त्यात आपल्या जिल्ह्यातल्याही. रोज अगदी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली, तर दिवसाआधीची बाळंतपणं 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आली. पण गोळी सुरू केली होती चौदावा आठवडा लागायच्या आत. आमच्या सुना तोवर डॉक्टरचं तोंडही बघत नाहीत. (माझं ऐकून मेडिकलमधून आणून खाऊ नका बायांनो, ते डॉक्टरनं ठरवायचं.)

मिश्री एकटीनं सुटत नाही हे मी स्वतःवरून सांगते. मला सुटायला लेकीचं लग्न ठरावं लागलं, तेही चौथ्या खेपेला. दुपारी चौघी पडवीत बसल्या आणि डबी फिरायला लागली की "नको" म्हणणारी आगाऊ ठरते. म्हणून सून पोटुशी राहिली की नऊ महिने डबी सगळ्यांनीच तिच्या नजरेआड ठेवायची, एवढं तरी जमेल? कितव्याही महिन्यात थांबवली तरी बाळाला फायदाच असतो.

मी दुकानात मिश्री विकते. हो, अजून. म्हाताऱ्यांचं चालू आहे, मी नाही दिली तर दोन दुकानं सोडून मिळते. पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, ते उलटं करून ठेवतात सगळे. घरी भाजलेल्या मिश्रीवर तर तेवढंही चित्र नाही.

परवा शेजारच्या गल्लीतली सून आली. लग्नाला वर्ष झालंय, अजून कुणी काही बोललेलं नाही, पण माझ्यासारख्या बायकांना चालीवरून कळतं. साखर घेतली, काडेपेटी घेतली, मग हळूच म्हणाली, "काकू, मिश्रीची एक पुडी द्या. आत्तींना पाहिजे."

मी पुडी काढली. देता देता म्हटलं, "हात बघू गं."

उजव्या हातानं तिनं पैसे पुढं केले. डावा पदरात होता.