जोर जमिनीवर निघतात, पण ओढायचे कशाला धरून?

व्यायामाची आवड असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घरी शरीराच्या वजनावर ताकद कमावणाऱ्याला कोणतेही साधन लागत नाही, आपले जुने पहिलवान नुसत्या जोर-बैठकांवर घडले, ताकद वाढवायची तर आकडा वाढवत न्यावा, पाठीचा व्यायाम हवाच असेल तर दारात टॉवेल अडकवावा किंवा टेबलाखाली लटकावे, बाकी सगळा विक्रेत्यांचा बाजार आहे. खिशात पैसे नाहीत म्हणून कोणी व्यायाम सुरू करायचा थांबू नये, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. तरीही यातली बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि एक तर धोक्याचे आहे.

पहिलवानांच्या दाखल्यापासून सुरुवात करू. जुन्या तालमीत पाऊल टाकले की लाल मातीचा हौद दिसतो, आणि भिंतीशी करेल व मुद्गल ही हातांनी फिरवायची जड लाकडी साधने, जोर मारण्याचे लाकडी हत्ते व छताला टांगलेला दोर दिसतो. मल्लखांब तर कुस्तीगिरांच्या सरावाचे साधन म्हणूनच वाढला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले, आणि 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, त्यांत मल्लखांबही होता. ही परंपरा साधनांवाचून चालत होती असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. थोड्या साधनांतून पुष्कळ व्यायाम काढणे हे तिचे खरे वैशिष्ट्य होते. एका दोरावर पकड, खांदे, पाठ आणि पोट या सर्वांचे काम होत असे.

आता मुख्य मुद्दा. जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे. जमीन आपल्याला फुकट मिळते, म्हणून ढकलण्याला साधन लागत नाही. ओढण्याचे तसे नाही. पाठीचे रुंद स्नायू, दंडाची पुढची बाजू आणि बोटांची पकड यांना पूर्ण भार द्यायचा तर शरीर कशाला तरी धरून वर खेचावे लागते, आणि ते ‘काहीतरी’ घराच्या फरशीवर नसते. वर्षानुवर्षे केवळ जोर मारणाऱ्याची छाती भरते, पण पाठ मागे राहते. सिंगल बारवर पहिल्यांदा लटकल्यावर अशा माणसाची हनुवटी बारच्या वर जात नाही, हे मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये अनेकदा पाहिले आहे.

म्हणून घरासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी पट्ट्यांवर टांगलेल्या लाकडी रिंगची जोडी सुचवेन. बार एका उंचीवर पक्का असतो, तर रिंग आपल्या गरजेप्रमाणे वर-खाली होते. रिंग छातीच्या उंचीवर आणावी, दोन्ही हातांनी धरून मागे रेलावे आणि छाती रिंगपर्यंत खेचावी. पाय वीतभर पुढे सरकवले की भार वाढतो, मागे घेतले की कमी होतो. त्यामुळे एकही पुल-अप, म्हणजे लटकून हनुवटी हातांच्या वर खेचणे, न निघणाऱ्या माणसाला, मग तो साठीचा असला तरी, पहिल्याच दिवशी ओढण्याचा व्यायाम जमतो. पुढे त्याच रिंगवर पुल-अप, डबल बारसारखे डिप (हातांवर शरीर तोलून खाली-वर होणे), रिंग खाली घेऊन जोर, आणि टाचा अडकवून मांडीच्या मागच्या बाजूचा व्यायाम होतो. रिंग हातात मोकळी फिरते, म्हणून मनगट आणि कोपर आपला सोयीचा कोन शोधतात. लाकडीच घ्यावी, कारण पावसाळ्यात घामट हातातून गुळगुळीत प्लॅस्टिक सटकते. स्पर्धेच्या रिंगची जाडी 28 मिलिमीटर असते. तेवढी बहुतेक हातांना चालते.

आकडा वाढवण्याबाबतचे विधान अर्धेच खरे आहे. नवख्याची ताकद आकड्याने वाढते; पण जो सलग पन्नास जोर मारतो त्याचा आकडा शंभरावर गेला तर मुख्यत्वे दम वाढतो. जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो, आणि तो दर वेळी तेवढाच असतो. ताकदीसाठी भार वाढावा लागतो. पाय खुर्चीवर ठेवले, बैठक एका पायावर घेतली, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या, की तो वाढतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशोब घरात कोणालाही जमतो.

टॉवेल आणि टेबल यांचा सल्ला मात्र कोणी पाळू नये. दार आपल्या बाजूला उघडणारे असेल तर टॉवेल ओढताना सारा भार लॅचवर येतो, आणि ते निसटले तर माणूस डोके मागे करून फरशीवर आपटतो. टेबलाच्या एका कडेला लटकले की ते उलटू शकते. काचेचा पृष्ठभाग असेल तर बोलायलाच नको. दारात बसवायच्या बारबाबतही सावध राहावे. चौकटीच्या पट्टीवर अडकणारा बार बाहेर आलेल्या रुंद पट्टीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये चौकट गिलाव्याच्या जवळपास सपाटीत असते आणि त्याला टेकायला जागाच मिळत नाही. दोन्ही बाजूंना फिरवून घट्ट होणारा बार केवळ घर्षणावर उभा असतो.

बाजाराविषयीची तक्रार मी मान्य करतो. जोर मारण्याच्या रंगीत खुणांच्या फळ्या, पोटासाठीची चाके आणि स्प्रिंगची यंत्रे एकाच कामाची असतात व लवकरच पलंगाखाली जातात. रिंगनंतर काही घ्यायचेच तर पुल-अपला आधार देणारा लांब रबरी पट्टा घ्यावा, आणि मनगट दुखत असेल तर जोरासाठी हत्ते.

राहता राहिले टांगण्याचे ठिकाण. माझ्या आजोळी माजघरात झोपाळ्याच्या कड्या तुळईत पक्क्या बसवलेल्या आहेत, आणि दोन-तीन माणसे झेलणाऱ्या त्या कड्यांवर मी रिंग टांगून व्यायाम केला आहे. फक्त त्यांतले अंतर रिंगच्या नेहमीच्या 50 सेंटिमीटरपेक्षा बरेच जास्त असल्याने पट्टे बाहेर ओढतात. पुल-अप निघतात, डिप जड जातात. फ्लॅटमध्ये काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून आत घट्ट होणारे लोखंडी बोल्ट, बसवून घ्यावेत. विटांची पातळ भिंत, जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि पंख्याचा हूक यांवर रिंग टांगू नये. बसवल्यावर आधी पाय जमिनीवर ठेवून हळूहळू भार द्यावा, फास्टनरच्या भोवती चीर पडते का पाहावे, आणि पट्ट्याचे बक्कल सरकत नाही याची खात्री दर वेळी लटकण्यापूर्वी करावी.