फ्रिजवरचा ससा

आमचा राउटर फ्रिजवर असतो. 'धूळ बसते' म्हणून आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. रुमालातून दोन अँटेना वर आलेल्या, त्यामुळे लांबून कुणी ससा झाकून ठेवल्यासारखं दिसतं. चार वर्षं या सशाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग सुट्टीला भाचा आला. "मामा, याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कधी बदललास?"

मी वाय-फायचा सांगू लागलो. "तो नाही रे, राउटरचा स्वतःचा!" त्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, 'अ‍ॅडमिन', पुन्हा 'अ‍ॅडमिन', आणि सरळ आत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने नाव-पासवर्डाच्या अशाच साठेक बाळबोध जोड्या वापरून जगभरचे लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले होते म्हणे. माझा पासवर्ड त्या यादीत होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काहीतरी कुठल्या यादीत आलं.

पुढे डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन टाकून वाय-फायला जोडायची सोय. त्याचा पिन आठ आकडी. म्हटलं, चोर म्हातारा होईल. पण हा राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो, पुढचे तीन वेगळे, आणि कुठल्या भागात चुकलं तेही सांगतो. परीक्षेत मागच्या बाकाला खुणा करणारा मुलगा असतो ना, तसा. आठवा आकडा तर आधीच्या सातांवरूनच निघतो. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न, आणि ही गोष्ट २०११ पासून जगजाहीर! डब्ल्यूपीएस तिथल्या तिथे बंद केलं.

राहिलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटरचा नुसता डबा उरतो, असं भाचा म्हणाला. आणि तो होता गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगायला नको. एक्स्टेंशन ओढून राउटर इन्व्हर्टरला जोडला. पट्टी ३७ टक्क्यांवर अडली आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. "आई, बंद कर!" मी असा काही ओरडलो की चटणी अर्धवट राहिली. ती आम्ही तशीच खाल्ली. खोबऱ्याचे तुकडे चावत कुणी एक अक्षर बोललं नाही.

शेवटी वाय-फायला सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड ठेवला. तासाभरात टीव्ही रुसला, बाबांचा टॅब रुसला, दिवाणखान्यातला स्मार्ट बल्ब तर जांभळाच होऊन बसला. तेवढ्यात बेल वाजली. खालचे काका.

"तुमचं नेट बंद आहे का हो? आमच्याकडे येत नाहीये."

दोन वर्षांपूर्वी आमच्या सत्यनारायणाला आले होते, तेव्हापासून!

मी काहीतरी पुटपुटून दार लावलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवर चुंबकाखाली, गॅसच्या नंबरशेजारी नवी चिठ्ठी. आईचं वळणदार अक्षर, सोळाच्या सोळा अक्षरं सुटी सुटी, मोठ्या अक्षरांखाली लाल रेघ.

इतक्यात जिन्यातून हाक आली, "वहिनी, ते पाचवं शून्य आहे की ओ?"