पहिल्याच हाताला ऑल-इन कसं जायचं: जिगरबाज लोकांसाठी मार्गदर्शन

ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये ॲग्रेसिव्ह खेळणं परवडतं का, हा प्रश्नच मुळात भित्र्या लोकांचा आहे. तुम्ही युट्यूबवर चार व्हिडिओ बघितलेत, त्यात एका गॉगलवाल्याने सत्ती-दुर्रीवर ऑल-इन (म्हणजे सगळ्या चिप्स एकदम) टाकून समोरच्याच्या दोन राण्या फोल्ड करायला (पत्ते टाकून द्यायला) लावल्या, बस, झालं की शिक्षण. हाच उद्योग करून तो किती वेळा बाहेर गेला ते एडिटिंगमध्ये गेलं, पण आपल्याला काय करायचंय ते बघून.

तर सुरुवात पहिल्या हातापासूनच करा. दहा हजार चिप्स हातात, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघायच्या आधीच लावायची सक्तीची बेट) २५-५०, अँटी (दर हाताला भरायची जादा रक्कम) अजून सुरूच नाही, म्हणजे मधे पडलेत एकूण ७५. लगेच सगळे दहा हजार आत सारा. सगळे पळाले तर ७५ चिप्स तुमच्या, वर टेबलावर दहशत ती वेगळीच. आता एखादा हिशोबी माणूस म्हणेल की बाबा रे, एकदा पकडला गेलास तर तेवढे वसूल करायला हीच चोरी साधारण १३३ वेळा पचायला पाहिजे. त्याला सांगा, आमच्याकडे सीए आहे हिशोब करायला. आणि कॉल करणाऱ्याने (तेवढीच रक्कम लावून भिडणाऱ्याने) नेमके दोन एक्के उघडले तर साइट रिग्ड (आधीच फिक्स केलेली) आहे असं चॅटमध्ये टाकायचं. चांगले पत्ते असल्याशिवाय एवढ्या रकमेला कोणी कॉल करतच नाही, त्यामुळे कॉल आला म्हणजे समोर एक्के-राजे असायचेच, असले विचार मनात आणू नका. विचार आला की ॲग्रेशन जातं.

पुस्तकी लोक एक गोष्ट फार घोळवून सांगतात, की बेट लावणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, एक तर समोरचा पळतो नाहीतर तुमचे पत्ते भारी निघतात, आणि नुसता कॉल करणाऱ्याला एकच. आहे खरं ते. पण मग हे लोक लगेच विचारणार की समोरचा पळणारा आहे का. कशाला बघायचं? तुमच्या टेबलावर एक महाशय असतातच, जे तिर्रीची जोडी घेऊन फ्लॉपला (मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर) कॉल, टर्नला (चौथ्याला) कॉल, रिव्हरलाही (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) कॉल करतात, कारण त्यांना बघायचंच असतं तुमच्याकडे काय आहे ते. ब्लफ यांच्यावरच करा आणि तिन्ही वेळा करा. अर्ध्या पॉटचा (मधे जमलेल्या चिप्सच्या निम्म्याचा) ब्लफ तीनातून एकदा चालला तरी बरोबरी होते असं गणित सांगतं, पण या माणसाला ते गणित माहीतच नाही आणि तो तीनशेंतून एकदाही पळत नाही, हा त्याचा अडाणीपणा, तुमचा काय दोष.

कुणी वाद घातला तर मनीमेकरचं नाव घ्यायचं. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची सीट जिंकून देणाऱ्या छोट्या टूर्नामेंटमधून) लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धेला पोचला, ८३९ जणांत पहिला आला, २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि शेवटच्या दोघांत सॅमी फार्हाला नुसत्या राजावर ऑल-इन टाकून पळवलं. एवढंच सांगा, पुढचं नको. म्हणजे टर्नला मनीमेकरकडे फ्लशचा (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) आणि स्ट्रेटचा (ओळीने पाच पत्ते) दोन्ही चान्स होता, रिव्हरला काहीच लागलं नाही तेव्हा त्याने ते ऑल-इन टाकलं, आणि समोर बसलेला फार्हा मुरलेला प्रोफेशनल होता, नव्वीची जोडी जमलेली असून विचार करून सोडून देऊ शकणारा, हे बोलायचं नाही. बोललात तर समोरच्याला कळेल की ब्लफ विचार करणाऱ्यावर चालतो, आणि आपल्या तिर्रीवाल्या महाशयांचा विषय निघेल.

आता पुढे. दोन तास झाले, ब्लाइंड ४००-८०० वर गेले, तुमच्याकडे त्याच दहा हजार चिप्स, आणि अँटी धरून मधे प्रत्येक हाताला दोन हजार पडतायत. म्हणजे सगळे पळाले तर एका झटक्यात वीस टक्के स्टॅक (हातातल्या एकूण चिप्स) वाढणार. इथे मात्र एकदम शांत व्हा. सकाळी ७५ साठी जीव द्यायला निघालेला माणूस आता दोन हजारांसाठी एक्का-दश्शी फेकून देतो आणि एक्क्याच्या जोडीची वाट बघत बसतो, जी साधारण २२१ हातांत एकदा येते. येईल की, तोवर ब्लाइंडने चिप्स खाल्लेल्या असतील तो भाग वेगळा.

बबलवर (बक्षिसाच्या यादीत शिरायच्या अगदी आधी) तर अजून नम्र व्हा. हजार जणांत साधारण दीडशेंना पैसे मिळणार असतील आणि एकशे साठ उरले असतील, तर मधल्या स्टॅकवाले सगळे श्वास रोखून बसलेले असतात, कोणालाही भिडायचं नसतं. मोठा स्टॅक असेल तर इथे दर दुसऱ्या हाताला ब्लाइंड उचलता येतात. पण बिचाऱ्यांना कशाला त्रास? टेबलावरचं एकमेव दुसरं मोठं धूड शोधा आणि त्याच्याशी भिडा. फायनल टेबललाही तेच, तिघे जण दोन-दोन ब्लाइंडपुरत्या चिप्सवर शेवटच्या घटका मोजत असले की त्यांच्याआधी आपण बाहेर पडून दाखवायचं. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, हे आयसीएमवाल्यांचं (चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढणाऱ्यांचं) रडगाणं ऐकू नका. सॅटेलाइटमध्ये दहा सीट, सगळ्या सारख्याच, अकरा खेळाडू आणि तुम्ही चिप्समध्ये पहिले, तिथे नव्वीच्या जोडीवर ऑल-इन गेलात तरच खरे मर्द. शहाणी माणसं तिथे एक्केसुद्धा फेकतात म्हणे.

(हे सगळं ऑनलाइनच करायचं बरं का. पणजीला कॅसिनोच्या बोटीवर पहिल्या हाताला बाहेर पडलात तर आठ जणांच्या नजरेसमोरून उठून जावं लागतं, इथे टॅब बंद केला की झालं आणि रि-एंट्रीचं (पुन्हा पैसे भरून खेळात शिरायचं) बटण तर तुमची वाटच बघत असतं.)

आता आपल्याकडे एक छोटी अडचण झालीय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाचे खेळ बंद करणारा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठमोठ्या पोकर ॲप्सनी पैशाची टेबलं गुंडाळली. इतकी ॲग्रेसिव्ह चाल आजवर कोणी खेळली नव्हती, अख्खं टेबल एका सहीत फोल्ड, काहींनी कोर्टात जाऊन कॉल केला ती गोष्ट वेगळी. राहिल्या फुकटच्या चिप्स. तिथे तुमच्यासारखेच सगळे पहिल्या हाताला ऑल-इन जातात आणि फोल्डचं बटण कुठल्या रंगाचं असतं ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे तिथे ब्लफची प्रॅक्टिस जोरात करा. एखाद दिवशी सहा जणांना एकदम उडवलंत की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका, फक्त तुमचे पत्ते क्रॉप करून.