बजेट कमी होतं, पण मिनोटॉर फसला तो वेगळ्याच कारणांनी

कमी बजेटच्या त्या भयपटातला मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला बैलाच्या डोक्याचा राक्षस, फसलाय असं मी म्हटलं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. एवढ्या तुटपुंज्या पैशात यापेक्षा बरा राक्षस बनत नाही, आणि भयपटाकडे पुराणकथेचा हिशोब मागू नये. दोन्ही मला पटत नाहीत.

मुखवटा स्वस्त आहे, ही माझी तक्रार नाहीच. तो समोरून, सपाट उजेडात आणि लांबलचक शॉटमध्ये दाखवलाय, ही आहे. लॅटेक्सवर, म्हणजे मुखवट्याच्या रबरावर, पुढून प्रकाश पडला की ते चकाकतं, जबडा हलत नाही हे लगेच कळतं आणि भोकांतून नटाचे डोळे दिसतात. तोच दिवा मागे आणि जरा बाजूला नेला असता, तर शिंगांची कड तेवढी उजळली असती आणि चेहरा काळोखात राहिला असता. वरून मॅट पावडर मारायची, शॉट दोन सेकंदांच्या आत कापायचा. यात जादा खर्च कुठे आहे? १९४२ चा ‘कॅट पीपल’ हा भयपट कमी पैशातच बनला, त्यातला जिना तर दुसऱ्या चित्रपटाच्या सेटवरचा. पण पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात जनावर धड दिसतच नाही. पाण्याचे कवडसे भिंतींवर हलतात, गुरगुर घुमते आणि पोहणारी मुलगी घाबरून चौफेर बघत राहते. बस्स.

भूलभुलैयाचंही तेच. एकच गल्ली दोन्ही टोकांकडून शूट केली, दिव्याची जागा बदलली, की चार गल्ल्या होतात. ते यांनी केलंय. राहिली ती खूण. फुटलेली वीट किंवा भिंतीवरचा ओघळ आधी ठळक दाखवायला हवा, म्हणजे तोच पुन्हा समोर आला की आपण फिरून तिथेच आलोय हे कळून पोटात गोळा येतो. इथे हरवतो तो प्रेक्षक, आणि तोही संकलनामुळे.

आता कथा. समुद्रदेव पोसायडनने बळीसाठी पाठवलेला बैल क्रीटच्या मिनॉस राजाने स्वतःकडे ठेवला. त्याची शिक्षा म्हणून राणी पासिफाईला त्याच बैलाचा मोह पडला आणि मिनोटॉर जन्मला. राजाने त्याला भूलभुलैयात दडवलं आणि त्याचं भक्ष्य म्हणून अथेन्सकडून खंडणीत सात मुलगे, सात मुली घेतल्या. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कच्या कथनात त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. एक खोली, एक मडकं, आपलं नाव निघू नये म्हणून श्वास रोखलेले चेहरे: एवढा भयानक आणि एवढा स्वस्त प्रसंग कथेने आयता दिला होता! चित्रपटात ही सगळी हकीकत एक पात्र मोबाइलवर वाचून उरकतं, आणि मग उरतो तळघरातला शिंगवाला खुनी.

तुम्हाला आवडलेला शेवटचा पाठलाग पुन्हा बघाल तेव्हा पार्श्वसंगीताखाली कान द्या. अरुंद दगडी गल्लीत एवढा अवजड प्राणी धावतोय, पण पावलांना वजन नाही, घुमारा नाही, श्वास नाही. हे आवाज एका शांत खोलीत साधा माइक लावून रेकॉर्ड करता येतात.