कोचीत ‘पाहण्यासारखे काही नाही’ या दाव्याविषयी

केरळची सहल आखणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: फोर्ट कोचीत किल्ला नाही, ज्यू टाउनमध्ये ज्यू नाहीत, डच पॅलेस डचांनी बांधलेला नाही, मासेमारीची चिनी जाळी केवळ छायाचित्रांसाठी हलवली जातात आणि बंदराचे दिवस केव्हाच सरले, म्हणून मुन्नारच्या वाटेवर दोन तास थांबावे आणि पुढे निघावे. यातली पहिली तीन विधाने जवळजवळ खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

किल्ल्यापासून सुरुवात करू. पोर्तुगिजांनी १५०३ मध्ये कोचीच्या राजाच्या संमतीने येथे कोट उभारला, १६६३ मध्ये तो डचांनी जिंकला, १७९५ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि इंग्रजांनीच १८०६ मध्ये त्याची तटबंदी पाडली. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना फोर्ट म्हटले की बुरूज आणि तोफा हव्या असतात, हे समजण्यासारखे आहे. पण मुंबईच्या फोर्टचा तटही १८६० च्या दशकात पाडला गेला, आणि तेथे किल्ला दिसला नाही म्हणून कोणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. कोचीत डचांच्या स्ट्रॉम्बर्ग बुरुजाच्या जागेवर बांधलेला बॅस्टियन बंगला आजही उभा आहे. त्याहून बोलका पुरावा सेंट फ्रान्सिस चर्चचा. वास्को द गामाला १५२४ मध्ये प्रथम येथे पुरले होते, त्याचे अवशेष पुढे लिस्बनला नेण्यात आले. हे चर्च पोर्तुगिजांच्या काळात कॅथलिक होते, डचांच्या काळात प्रोटेस्टंट झाले आणि इंग्रजांनी ते अँग्लिकन केले. आत एका भिंतीत पोर्तुगीज, तर समोरच्या भिंतीत डच थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. मोडलेला कोट जे सांगू शकत नाही, ते या दोन भिंतींमध्ये उभे राहिल्यावर कळते.

ज्यू टाउनबाबतचा आक्षेप मला सर्वांत उथळ वाटतो. १९४८ नंतर येथील बहुतेक ज्यू कुटुंबे इस्रायलला गेली. आता उरलेली माणसे इतकी थोडी आहेत की सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवायला बाहेरगावच्या पाहुण्यांची वाट पाहावी लागते. १५६८ चे ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, त्यातली हाताने रंगवलेली चिनी फरशी आणि वर टांगलेली बेल्जियन झुंबरे मात्र जागेवर आहेत. मराठी वाचकाला तर या गल्लीविषयी जास्त आपुलकी वाटायला हवी, कारण आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला कोचीचे ज्यू येत असत. गल्लीतली पुराणवस्तूंची दुकाने आणि त्यांचा आग्रह कंटाळवाणा आहे, हे मान्य. माझा रिक्षावालाही न सांगता दोन दुकानांपुढे थांबला होता.

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला आणि डचांनी नंतर त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच नाव चिकटले. बाहेरून युरोपीय वाटणाऱ्या या वास्तूची आतली आखणी मात्र केरळच्या नालुकेट्टूची, म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखी आहे. मधल्या अंगणात देवीचे मंदिर आणि राजाच्या शय्यागृहाच्या भिंतींवर रामायण. नावात चूक आहे म्हणून भित्तिचित्रे वगळून जाणे हा आपलाच तोटा.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. दोन तासांसाठी नेमके शुक्रवारी आलेल्याने राजवाड्याच्या बंद दाराचा दोष शहरावर टाकू नये.

चिनी जाळ्यांबाबत मी अर्धा सहमत आहे. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पर्यटकाला दोर ओढायला देऊन पैसे मागितले जातात आणि वर आलेल्या जाळ्यात मासळी क्वचितच मूठभर असते. तरीही दोरांना टांगलेल्या दगडांच्या वजनावर एवढा अवजड सांगाडा पाच-सहा माणसे तोलतात, ही रचना खरी आहे आणि जवळच्या कुंबळंगीच्या खाड्यांवर तीच जाळी पर्यटकांविना चालतात. किनाऱ्यावरचा कचरा आणि पावसाळ्यात खाडीतून वाहत येणारी जलपर्णी यांबद्दल मात्र मजकुराने लिहिले असते, तर मी प्रतिवाद केला नसता. सूर्यास्त पाहायला गेलो होतो, तो प्लास्टिकच्या पिशव्या चुकवत पाहिला.

राहिला बंदराचा प्रश्न. रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० मध्ये येथे आला. बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा कापून मोठ्या जहाजांना आत येण्याची वाट करण्यात आली आणि गाळ उपसून निघालेल्या भरावावर विलिंग्डन बेट तयार झाले. वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल तर २०११ चे आहे. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला होडीने जाताना हे बेट आणि गोदीतली जहाजे समोरून सरकत जातात. टॅक्सीने पूल ओलांडून आलेल्याला ती तशी दिसत नाहीत. हा मजकूर लिहिणारा कोणत्या वाटेने आला असावा, याचा मला अंदाज आहे.