‘रक्तातून येणारच’ म्हणणाऱ्या मावशीसाठी

परवा मावशीने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ढकलला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आणि नवऱ्याच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवरही फिरून आला. मथितार्थ असा: ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्यांनी मूल होऊ देऊ नये. आजार रक्तातून पुढे येणारच, यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, स्वतःलाच सांभाळता येत नाही ते बाळाला काय सांभाळणार, सरकारनेच काहीतरी करावं. शेवटी जोडलेले हात.

मी ३४ वर्षांची. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहते, एका टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब ठेवते. ३१व्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं, हे मावशीला माहीत नाही. मूल हवं की नको, हे आमचं अजून ठरलेलं नाही, त्यामुळे मी कुणाची वकिली करायला बसलेले नाही. पण न ठरण्याची कारणं निदान खरी तरी असावीत.

‘येणारच’ हा त्यातला सगळ्यात पक्का वाटणारा मुद्दा, कारण त्याच्या मागे खरा आकडा आहे. पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१९च्या अभ्यासात ऑटिझमची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के निघाली. मेसेजवाल्याने ते वाचून शंभरातली ८० मुलं असा अर्थ लावलेला दिसतो. तसा तो होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच तो आकडा सांगतो. उंचीची आनुवंशिकताही जवळपास तेवढीच आहे, तरी माझा भाऊ बाबांपेक्षा चार इंच उंच निघालाच. शक्यतेचा अंदाज हवा असेल तर २०२४चा अभ्यास जास्त कामाचा. ज्यांचं थोरलं भावंड ऑटिस्टिक आहे अशा १,६०५ बाळांवर तीन वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं, त्यांतल्या २०.२ टक्क्यांना ऑटिझम निघाला. म्हणजे पाचांत एक. हा आकडा भावंडांचा आहे, आईबापांचा नव्हे. आई किंवा बाप ऑटिस्टिक असेल तर शक्यता इतरांपेक्षा जास्त धरावी, हे मी नाकारत नाही. पण जास्त शक्यता आणि ‘येणारच’ यांत आमच्या सोलापूरचा सात रस्ता ते पंढरपूर एवढं अंतर आहे.

यात शेकडो जनुकांचा हात असतो. म्हणून गर्भजल तपासून ‘ऑटिझम आहे’ किंवा ‘नाही’ असं ठामपणे सांगणारी चाचणी नाही. घरात फ्रॅजाइल एक्ससारखं (एकाच जनुकातल्या बदलामुळे होणारं) एखादं नेमकं कारण सापडलं असेल तर मात्र जनुकीय समुपदेशकाकडे जरूर जावं. (आमच्या भागात मामाशी भाचीची लग्नं लागली तेव्हा रक्ताचा हिशेब कुणी मांडला होता, ते मावशीला विचारायचा मोह मी आवरला आहे.)

आता भावना. गेल्या उन्हाळ्यात बहीण बाळाला घेऊन आली होती. बाळ दोन महिन्यांचं. दुपारी रडायला लागलं ते थांबेना. दूध झालं, पोटाला हिंग लावून झालं, सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली. मी त्याला उचललं, तर ते मान सारखी एकाच बाजूला घासत होतं. झबल्याला मानेपाशी नायलॉनची पट्टी होती, टोकदार शिवलेली. स्वतःच्या प्रत्येक कुर्त्याची ती पट्टी मी दुकानातून आणल्या दिवशीच कापते. कात्री आणली, कापली. पाच मिनिटांत बाळ झोपलं.

ब्रिटनमधले ऑटिस्टिक अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये याच गोष्टीला नाव दिलं: दुहेरी सहानुभूतीचा पेच. आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही. तूट दोन्हीकडून असते, खापर मात्र एकाच्या माथी.

पण त्याच संध्याकाळी बाळ पुन्हा रडायला लागलं, खालून वरात डीजे वाजवत निघाली, आणि मी न्हाणीघरात कानांवर हात दाबून बसले. माहेरी, अशोक चौकाजवळ, शेजारी यंत्रमाग दिवसरात्र खडखडायचे, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. तो आवाज ठरलेला असतो. बाळाचा ठरलेला नसतो. मेसेजातल्या तिसऱ्या, बाळ सांभाळण्याच्या मुद्द्यात खरं आहे ते एवढं. २०२०च्या एका अभ्यासात ३५५ ऑटिस्टिक आणि १३२ इतर आयांनी उत्तरं दिली होती. ऑटिस्टिक आयांनी बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य जास्त सांगितलं, एका वेळी चार कामं जमत नाहीत असं सांगितलं, डॉक्टर-नर्सना आपलं म्हणणं कळत नाही असंही सांगितलं. मुलाची गरज आधी, यात मात्र त्या मागे नव्हत्या. म्हणून आमच्याकडची चर्चा जनुकांवर चालत नाही. ती चालते रात्री दोनला कोण उठणार, बहीण किती दिवस येऊन राहू शकेल आणि माझी झोप मोडली तर तिसऱ्या दिवशी माझं काय होतं, यावर.

‘सरकारनेच काहीतरी करावं’ याचं उत्तर छोटं आहे. ते करून झालंय. १९९४मध्ये पुण्यात सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली, पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि त्याचं दहावं कलम सांगतं की व्यक्तीच्या स्वतंत्र, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही.

संमती हा शब्द सोलापूरकराला शिकवायला नको. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, बाराबंदी घातलेल्या गर्दीत आपण ज्या कट्ट्यावर अक्षता टाकतो, त्याचं नावच संमती कट्टा. आणि लग्न कुणाचं? सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं, कुंभारकन्येशी. मुलाबाळांशिवायच्या या संसाराला अख्खं शहर अक्षता टाकतं. तेव्हा ‘लग्न झालं म्हणजे मूल हवंच’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं.

यातला आकड्यांचा भाग मी ग्रुपवर टाकला, आणि शेवटी माझं निदानही लिहिलं. दोन तास सगळे गप्प. मग मावशीचा वेगळा मेसेज आला: “अगं, मला माहीत नव्हतं. मग गोड बातमी कधी देतेस?”

उत्तर अजून दिलेलं नाही. आज चार दिवसांनी नळाला पाणी येणार होतं.