माळ हँडलला नको!

आज क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकाबाहेर एक पोरगं सायकलवरून तोंडावर आपटलं. हँडलला अडकवलेली रोझरी, म्हणजे आपली जपमाळ, पुढच्या चाकात गेली. आणि जमलेली मंडळी काय म्हणाली? "माळेनंच वाचवलं हो!" अहो, माळेनंच पाडलं त्याला!

रोझरीचे 59 मणी, शेवटी क्रूस. हँडलवरून ती लोंबत लोंबत टायरला टेकते. वळताना झुलते, आऱ्यांत शिरते, चाक तिला फिरवत चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) नेऊन अडकवतं. दोऱ्याची असेल तर तटकन तुटते, सुटलात. तारेची सहजी तुटत नाही. चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे. या पोराची तारेचीच होती.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात स्कूटर सोडून सायकल काढायची टूम सध्या वसईत जोरात आहे. चांगलंच आहे. (रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत, तेव्हा खुशाल स्कूटर काढा.) पण राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, पडवीतून ओढून काढलेली सायकल तशीच रस्त्यावर? पडून पडून व्हॉल्व्हचं रबर चिरलेलं असतं, सकाळी भरलेली हवा संध्याकाळी गायब. आपल्या खाऱ्या हवेत चेन गंजते. डिझेल लावून ब्रशने घासा, कोरडी पुसा, प्रत्येक कडीला एकच थेंब तेल, पेडल उलटं फिरवा, मग वरवरचं तेल फडक्याने काढा. राहिलं तर रेती धरते. रिमवर उडालं तर ब्रेक लागत नाही. ब्रेकची रबरं नखाने दाबून बघा, दगडासारखी लागली तर बदला. एवढं कोण करतंय? माळ मात्र हँडलला!

इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात घिसाल्लोच्या मातेचं, म्हणजे मरियामातेचं, चॅपेल आहे. 1949 मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला सायकलवाल्यांची आश्रयदाती ठरवलं. तिथे सायकलपटू फाबिओ कासार्तेल्लीचीही सायकल ठेवलीय. 1995 च्या टूर द फ्रान्स शर्यतीत उतारावर पडून तो गेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मातेला मानणाऱ्यांनीच ती तिथे ठेवलीय; श्रद्धा आहे म्हणून काळजी सुटत नाही.

श्रद्धेचा प्रश्न आहे, मान्य. जवळ काही नसलं की चैन पडत नाही, तेही मान्य. मग रोझरी बटव्यात घालून सीटखालच्या पिशवीत ठेवा. प्रवाशांचा आश्रयदाता सेंट ख्रिस्तोफर, त्याचं पदक हँडलच्या दांड्याला सपाट, दोन झिप टायने, ब्रेकच्या केबलला घासणार नाही असं बांधा. स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे दोरीला जोडलेले कापडाचे दोन पवित्र तुकडे) शर्टाच्या आत.

पोरगं बिचारं गुडघा सोललेला असताना "आजी ओरडेल" म्हणत मणी वेचत होतं. त्याच्या घरच्यांनो, ओरडू नका. ओवता येण्यासारखी नसेल तरी ती माळ कचऱ्यात टाकायची नाही. आशीर्वाद दिलेली वस्तू जाळतात नाहीतर पुरतात, आणि तार काही जळायची नाही. अंगणात पुरा. त्याआधी पुढच्या ब्रेकमध्ये बघा, क्रूस अजून तिथेच अडकलाय.